मधली शांतता म्हणजे बिघाड नव्हे

सेक्रेटरीने क्लबची वेबसाइट काढायचं ठरवलं ते गाड्या लावायच्या जागेवरच्या एका पहारेकऱ्यामुळे. वेबसाइट का काढावी याची कारणं जाणकार लोक बरीच सांगतात. धंदा वाढतो, नाव होतं, आपण कुठे बसतो आणि कधी उघडतो ते गिऱ्हाइकाला घरबसल्या कळतं, कुणी आपल्याला भुरटा समजत नाही. ही सगळी कारणं पुढे सेक्रेटरीनेही छाती काढून चारचौघांत सांगितली, आणि ती झाडून सगळी खरी निघाली. फक्त ती खरी निघाली माडीखालच्या लाँड्रीवाल्याच्या बाबतीत. पण ते नंतर.

सेक्रेटरी म्हणजे कुठल्या सरकारी खात्याचा नव्हे, माउथ ऑर्गन क्लबचा. या हुद्द्याला पगार नाही, खुर्ची नाही, आणि शिक्का आहे तो अध्यक्षांच्या कपाटात. पोटासाठी तो एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. दिवसभर माणसं खुर्चीत बसवायची, त्यांचा एक डोळा झाकायचा आणि "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारत राहायचं. आता अशा कामाला जगात मान किती मिळणार? सेक्रेटरी म्हटलं की निदान समोरचा क्षणभर विचारात तरी पडतो. म्हणून गल्लीत, दुकानात आणि रागाच्या भरात घरीसुद्धा त्याला सेक्रेटरीच म्हणत.

तर एके दिवशी तो फ्रेमचे बारीक स्क्रू आणायला निघाला आणि वाटेत क्लबची जुनी जागा लागली. पूर्वी तिथे हॉल होता. रविवारी दुपारी क्लब तिथे बसायचा. पुढे हॉल पाडला, गाड्या लावायला मैदान केलं, आणि क्लब चार गल्ल्या सोडून एका लाँड्रीच्या माडीवर गेला. तिथला पहारेकरी खुर्चीत बसून कान कोरत होता. त्याने सेक्रेटरीला ओळखलं.

"काय हो, तुम्हीच ना ते पिपाणीवाले?"

"माउथ ऑर्गन," सेक्रेटरी म्हणाला. हे त्याला आठवड्यातून एकदा तरी म्हणावं लागे.

"तेच ते. तुमच्यातला एक म्हातारा आला होता मागे. उंच, वाकलेला. हातात लांब काळी पेटी. क्लब कुठाय म्हणाला."

सेक्रेटरी जागच्या जागी उभा राहिला. "मग?"

"मग काय. म्हटलं, इथं क्लब नाही, गाड्या आहेत. तुमची गाडी आहे का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बरं.'"

"एवढंच?"

"एवढंच. मग उभेच राहिले. शेवटी मीच म्हटलं, काका, बाजूला व्हा, मागून गाडी येतेय. बरेच दिवस झाले त्याला."

सेक्रेटरी स्क्रू न घेताच परत आला. त्या संध्याकाळी ज्यांना चष्मे मिळाले त्यांच्या काड्या आजही हलतात.

तो उंच म्हातारा म्हणजे घुम्या. दुसरा कुणी असणं शक्य नव्हतं. जगात 'बरं' एवढंच बोलून परत जाणारा आणि त्यासाठी लांबची गाडी पकडून येणारा माणूस एकच होता. घुम्या क्लबमध्ये खर्जाचा माउथ ऑर्गन वाजवायचा. हे वाद्य हातभर लांब असतं, त्याला पेटी लागते, आणि ते वाजवायला दोन बैलांची छाती लागते. बाकीचे सगळे चिमण्यांसारखे वर चिवचिवत असताना हा खालून घुमायचा, म्हणून घुम्या. बोलण्याच्या बाबतीतही नाव सार्थच होतं. सेक्रेटरीच्या शेजारच्या खुर्चीत तो वर्षानुवर्षं बसला आणि त्या काळात दोघांत जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पण एकदा का सेक्रेटरीने सूर धरला आणि खालून तो खर्ज आला, की सेक्रेटरीला वाटायचं, आपण खुर्चीत बसलेलो नाही, आपल्याला कुणीतरी उचलून धरलंय.

बायको गेल्यावर घुम्याला मुलगी आपल्या गावी घेऊन गेली. तिचा पत्ता हॉलच्या कचेरीत दिला होता. कचेरीसकट हॉल पडला.

क्लबची एक जुनी धून होती. तिच्यात मध्ये दोन ओळी एकट्या खर्जाच्या. घुम्या गेला तेव्हा त्या ओळी कोण वाजवणार असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मग आपोआपच एक रीत पडली. तिथपर्यंत आलं की सगळे थांबायचे, मनातल्या मनात त्या दोन ओळी मोजायच्या, आणि मग पुढचं कडवं उचलायचं. याला क्लबमध्ये 'घुम्याची जागा' म्हणत. एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात ही धून वाजवली. लोकांना वाटलं, संपली. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक उठून आभार मानायला लागले. ते 'मी क्लबचा अत्यंत' इथपर्यंत आले आणि क्लबने पुढचं कडवं उचललं. मुख्याध्यापक अत्यंत काय होते ते आजवर कळलेलं नाही.

तर आता सेक्रेटरीला एकच गोष्ट हवी होती. घुम्याला कळलं पाहिजे की क्लब मेलेला नाही, जागा बदललीय. पण घरी त्याने जाहीर केलं ते असं: "क्लबच्या विकासासाठी आपण वेबसाइट काढतोय. आजच्या युगात छोट्यात छोट्या संस्थेलासुद्धा…"

"घुम्याभावोजी भेटले का कुठे?" बायकोने विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध? संस्थेच्या हिताचा प्रश्न आहे."

"संस्थेचं हित काळी पेटी घेऊन फिरत नाही," बायको म्हणाली. पहारेकऱ्याची हकीकत तिला बेकरीत आधीच कळली होती. "सरळ सांगा की सगळ्यांना. आठवण येते म्हणा."

पण मध्यमवर्गीय माणूस आठवण येते असं म्हणत नाही. तो ठराव मांडतो.

ठराव रविवारी माडीवर मांडला. क्लबचे तेव्हा चारच सभासद उरले होते: अध्यक्ष, जे दातांचे डॉक्टर होते; बेकरीवाली बाई; निवृत्त पोस्टमन; आणि सेक्रेटरी. खालून इस्त्रीची वाफ फळ्यांतून वर येत होती, त्यामुळे सभेत नेहमी एक प्रकारचं गांभीर्य असे.

"उत्तम कल्पना," डॉक्टर म्हणाले. "पत्ता कोणता घालणार?"

"इथलाच. माडीचा."

"क्लबचा नोंदलेला पत्ता हॉलचा आहे. सेक्रेटरी, मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावलो, पण खोटा दात कधी खरा म्हणून बसवला नाही. आधी नोंद बदला."

"अहो डॉक्टर, वेबसाइटला कोण नोंद विचारतंय?"

"आज नाही विचारणार. उद्या विचारलं तर तोंड कुणाचं दिसणार? अध्यक्षांचं."

"पत्ता चुकला की काय होतं ते मला विचारा," पोस्टमन म्हणाले, आणि कुणी विचारलं नाही तरी त्यांनी ते सांगितलं. बेकरीवाल्या बाईंची अट एकच होती. फोटो डावीकडून घ्यायचा.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने कागद चाळले आणि जुन्या जागेच्या मालकाचं पत्र मागितलं. 'क्लब आमच्याकडून गेला आहे, आमची हरकत नाही' असं.

"जागाच नाही हो आता. पाडली."

"मग क्लब तिथून गेला की जागा क्लबखालून गेली?" कारकुनाने पेन खाली ठेवलं. "दोन्हींना वेगवेगळे अर्ज आहेत."

सेक्रेटरीने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की जागा क्लबखालून गेली.

"तो अर्ज बंद झालाय. पहिलाच भरा. आणि तिथे सध्या जे कुणी आहे, त्याच्या सहीने आणा की क्लब तिथे नाही."

सध्या तिथे पहारेकरी होता. त्याने एका पावतीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'इथे क्लब नाही. गाड्या आहेत,' आणि खाली झोकात सही केली. कारकून तो कागद बघून इतका खूश झाला की त्याने तो वरच्या साहेबांना दाखवायला नेला. म्हणे, इतकं स्वच्छ निवेदन या कचेरीत कधी आलं नव्हतं. घरी येताना मात्र सेक्रेटरीच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं. घुम्याला ते तोंडी मिळालं होतं.

शेजारच्या अण्णांनीही मदत केली. अण्णांना जगातल्या प्रत्येक गोष्टीतला धोका माहीत होता. "वेबसाइटवर खरा फोन नंबर चुकूनसुद्धा देऊ नका."

"मग लोक फोन कसा करणार, अण्णा?"

"करणार नाहीत. तीच तर सुरक्षितता."

वेबसाइट बनवायचं काम मेहुणीकडे गेलं. ती शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवायची. तिचं बोलणं इतकं वेगात चाले की उत्तर द्यायला माणसाला वळसा घालून यावं लागे. तिने संगणक उघडला.

"भावोजी, पहिला प्रश्न. ही कुणी बघावी असं वाटतं तुम्हाला?"

"समस्त संगीतप्रेमींनी."

"असं नाही चालत. एक माणूस डोळ्यासमोर आणा. वय?"

"सत्तरच्या पुढे."

"बरं. अजून?"

"उंच."

"भावोजी, उंची कोण विचारतंय?"

"नजर कमी झाली असेल आता," सेक्रेटरी भिंतीकडे बघत म्हणाला. "अक्षर मोठं ठेव."

अक्षर किती मोठं, यावरून बरीच ओढाताण झाली. मेहुणी पडद्यावर एकेक नमुना दाखवून "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारायला लागली. जन्मात पहिल्यांदा सेक्रेटरी खुर्चीच्या या बाजूला बसला होता, आणि लोक आपल्यावर का खेकसतात ते त्याला कळलं. शेवटी त्याने दुकानातला नंबर काढायचा अक्षरांचा तक्ताच आणून तिच्यासमोर धरला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. एवढं. त्यामुळे झालं काय, की पहिल्या पानावर तीनच शब्द मावले: 'क्लब इथे आहे.' खाली नकाशा आणि इमारतीचा फोटो. क्लबचा इतिहास, उद्दिष्टं, अध्यक्षांचं मनोगत आणि डावीकडून घेतलेली बेकरीवाली बाई ही सगळी मंडळी आतल्या पानांवर गेली. डॉक्टर दोन दिवस रुसले.

अण्णांचं न ऐकता सेक्रेटरीने आपलाच नंबर दिला, वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी फोन आला. सेक्रेटरीने हात पुसून उचलला.

"हॅलो, पडदे घेता का?"

"हा माउथ ऑर्गन क्लब आहे."

"हो, ते वाचलं. पडदे घेता का?"

चूक कुणाची म्हणावी? फोटोत लाँड्रीची पाटी भिंतभर होती, क्लबची पाटी जिन्याच्या कठड्याआड. आणि वर ढळढळीत अक्षरात 'इथे आहे.' गावात लाँड्री हुडकणारी इतकी माणसं असतील याची सेक्रेटरीला कल्पना नव्हती. पडदे आले, कोट आले, एका हॉटेलच्या चादरी आल्या. प्रत्येक फोन तो हातातलं काम टाकून उचलायचा, घुम्या तर नसेल? आणि दर वेळी पलीकडून कुणीतरी डाग कसला पडलाय ते सांगायला लागायचं. पहिले काही दिवस तो मानी स्वरात "हा क्लब आहे" म्हणत राहिला. पुढे पुढे तो "शाईचा, की तेलाचा?" असं विचारायला लागला.

मेहुणीने व्यवहार ओळखून लाँड्रीला वेबसाइटवर एक वेगळं पान दिलं. लाँड्रीवाल्याचं नशीब फळफळलं. त्याने धुलाईचं मोठं यंत्र आणलं. ते गरगरायला लागलं की माडीची जमीन थरथरायची आणि क्लबच्या सुरांना आपोआप कंप यायचा. एका पाहुण्याने तर डॉक्टरांचं अभिनंदन केलं, 'या वयात काय हा कंप!' डॉक्टरांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

"सेक्रेटरीसाहेब," लाँड्रीवाला एकदा जिना चढून वर आला, "माझा बाप इथं कोळशाची इस्त्री फिरवत गेला. दाराबाहेरच्या माणसाला तो आहे हे माहीत नव्हतं. आता पलीकडच्या गावाहून लोक येतात. तुमच्या शर्टांना जन्मभर फुकट इस्त्री. नाही म्हणायचं नाही."

तेव्हापासून सेक्रेटरी कडक इस्त्रीत फिरू लागला. इस्त्रीच्या शर्टात उदास माणूस फार वाईट दिसतो. मळक्या कपड्यांत निदान कारण तरी दिसतं.

"फोन आला का हो कुणाचा?" बायको रोज विचारायची.

"आला की. गालिचा आहे म्हणे, चहा सांडलाय."

मग ती जास्त विचारायची नाही.

मेहुणी म्हणाली, भावोजी, नुसती अक्षरं कोण बघणार, काहीतरी वाजवून टाका. म्हणून यंत्र बंद असताना क्लबने आपली ती जुनी धून वाजवली, मेहुणीने ती ध्वनिमुद्रित करून वेबसाइटवर चढवली. रिवाजाप्रमाणे मध्ये घुम्याची जागा सोडली होती. आता, रीत ही घरातल्यांना कळते. बाहेरच्याला ती मोडतोड वाटते. तक्रारींची रांग लागली. 'आवाज मध्येच जातो.' 'नवीन स्पीकर आणला, तरी तेच.' एकाने लिहिलं, 'ऐकताना मी टेबलावर इतक्या जोरात हात मारला की टेबल मोडलं. दुरुस्त करा.' वेबसाइट की टेबल, ते लिहिलं नव्हतं.

मेहुणी कामाला चोख. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "भावोजी, केलं दुरुस्त. ती मधली रिकामी जागा कापून टाकली. सांधा कळतसुद्धा नाही."

सेक्रेटरीने ऐकलं. खरंच कळत नव्हतं. पहिलं कडवं संपून दुसरं असं लागत होतं, जणू मध्ये कुणी कधी नव्हतंच.

"परत घाल," तो म्हणाला.

"काय परत घालू?"

"कापलंस ते."

"तिथे काहीच नव्हतं, भावोजी."

"तेच घाल!"

सेक्रेटरीचा आवाज इतका चढलेला घरात कुणी ऐकला नव्हता. शेजारून अण्णांनी विचारलं, चोर शिरलाय का. मेहुणीने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने मानेने खूण केली, आणि काहीही नव्हतं ते पुन्हा जिथल्या तिथे घातलं गेलं. खाली एक ओळ टाकली: 'मधली शांतता म्हणजे बिघाड नव्हे.'

या ओळीने मात्र कहर केला. बिघाड नव्हे, तर मग काय, असा प्रश्न लोकांना पडला, आणि रिकामी जागा दिसली की ती भरायची हा माणसाचा स्वभावच. कुणीतरी त्या शांततेत शीळ घालून पाठवली. दुसऱ्याने कंगव्यावर कागद धरून वाजवलं. एका दवाखान्यातल्या नर्सनी मिळून गुणगुणलं, एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, एका बाईंनी आपल्या नवऱ्याचं घोरणं तालात बसवून पाठवलं आणि ते खरोखरच बसलं होतं. सेक्रेटरी एकेक लावायचा, कान स्पीकरला टेकवायचा. पहिल्या क्षणाला डोळे मिटायचा. मग शीळ यायची, नाहीतर हॉर्न, आणि तो डोळे उघडायचा. खर्ज एकाचाही नव्हता.

क्लब मात्र प्रसिद्ध झाला. माणसं जिना चढून येऊ लागली. कुणी आजोबांचा माउथ ऑर्गन घेऊन, कुणी नुसतं बघायला. खुर्च्या पुरेनात. बेकरीवाल्या बाईंचं सगळं सामान दुपारीच संपायला लागलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात लोक दुखणारा दात घेऊन यायचे आणि जाताना सूर कसा धरायचा ते शिकून जायचे. "बघा सेक्रेटरी," डॉक्टर म्हणायचे, "म्हणत नव्हतो मी, वेबसाइट हवी?" ते तसं कधीच म्हणाले नव्हते.

आणि मग एका रविवारी एक बसचा ड्रायव्हर आला. दणकट गडी, हसरा, हातात लांब काळी पेटी. पेटी बघून सेक्रेटरी खुर्चीतून अर्धा उठला आणि माणूस बघून परत बसला. धून सुरू झाली. घुम्याची जागा आली. ड्रायव्हरने कुणाला न विचारता श्वास भरला आणि त्या दोन ओळी वाजवल्या. सुंदर वाजवल्या. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि सेक्रेटरीने ती शोधली होती.

वाजवून झाल्यावर सगळे सेक्रेटरीकडे बघायला लागले. ड्रायव्हर गोंधळला. "काही चुकलं का?"

"छे छे," सेक्रेटरी म्हणाला. "फार छान."

डॉक्टरांनी त्याला जिन्यावर गाठलं. दातांच्या डॉक्टरांचा एक खास हळू आवाज असतो, दुखणार आहे हे त्यांना माहीत असतं तेव्हाचा. "किती दिवस दात पडलेली जागा तशीच ठेवणार, सेक्रेटरी? बाजूचे दात हलायला लागतात. पुढच्या रविवारी याला घेऊन पूर्ण धून नव्याने रेकॉर्ड करू. जुनी काढून टाकू."

"हो," सेक्रेटरी म्हणाला. नाही म्हणायला काय कारण सांगणार? संस्थेचं हित होतं. मेहुणीने वेबसाइटवर जाहीर करून टाकलं, 'येत्या रविवारी: नवीन, संपूर्ण ध्वनिमुद्रण.'

बायकोने रात्री ताट वाढताना इतकंच म्हटलं, "त्यांनी बघितलं असतं तर एव्हाना कळलं असतं हो." सेक्रेटरी म्हणाला, "त्याला कुठे संगणक येतोय," आणि जेवला. वेबसाइट सुरू झाल्यापासून हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात दुकानात एक बाई खुर्चीत बसल्या होत्या. डावा डोळा झाकलेला, नाकावर ती काच बदलायची जड फ्रेम. सेक्रेटरी तक्त्यावर छडी ठेवणार इतक्यात फोन वाजला.

"पडदे असतील तर तीन वाजल्यानंतर आणा," तो म्हणाला.

"नाही, मला तक्रार करायचीय," पलीकडून एक बाईमाणूस बोलत होतं, दमलेलं. "तुमच्या वेबसाइटमुळे आमच्या शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं सोडलंय. सकाळ नाही, दुपार नाही, तेच एक गाणं. मीच कौतुकाने लावून दिलं आणि आता बंद करता येत नाहीये."

"बंद करायचं बटण उजवीकडे…"

"बटण नाही हो काका. बाबा. तुम्ही लोक ज्यांना घुम्या म्हणता ना, त्यांची मुलगी बोलतेय."

सेक्रेटरीने छडी काउंटरवर ठेवली. ती घरंगळून खाली पडली.

"त्यांचा प्रवास आता बंदच आहे. मागे एकदा मला न सांगता तिकडे जाऊन आले. आल्यावर काही बोललेच नाहीत."

"तो बोलतच नाही."

"नाही काका. ते वेगळं. त्या वेळी पेटी माळ्यावर टाकली. तुमची वेबसाइट दाखवली तेव्हा मीच ती खाली काढली. आता काय करतात, तर खुर्ची संगणकासमोर ओढतात, गाणं लावतात, आणि ती मधली जागा आली की वाजवतात. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मला आधी वाटलं वेबसाइट बिघडलीय. तर म्हणाले, बरोबर आहे."

"अगं, मग फोन का नाही केलात इतके दिवस?"

"मी म्हटलं ना, करूया. तर म्हणाले, 'कशाला? जागा ठेवलीय की.'" ती थांबली. "पण आता तुम्ही नवीन लावणार म्हणून लिहिलंय. संपूर्ण. तेव्हापासून जेवण धड नाही. शेजाऱ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही ते नका बदलू काका."

"नाही बदलत," सेक्रेटरी म्हणाला. अध्यक्ष, ठराव, बसचा ड्रायव्हर, कशाचीही परवानगी न घेता त्याने हा निर्णय घेतला. असा निर्णय त्याच्या कारकिर्दीतला पहिलाच.

"थांबा, आत्ताही चालूच आहे. फोन तिथे ठेवते."

फोनमधून लांबून धून ऐकू आली. दुसऱ्या गावातल्या एका खोलीत आपलाच क्लब, बारीक, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा. बेकरीवाली बाई, पोस्टमन, डॉक्टर, तो स्वतः. मग सगळे थांबले. सेक्रेटरीने फोन कानात रुतवला.

फोनला खर्ज पेलत नाही. इतका खालचा सूर त्यातून येतच नाही, वाटेतच कुठेतरी राहतो. सेक्रेटरीला ऐकू आला तो फक्त श्वास. आत घेतलेला, बाहेर सोडलेला, पुन्हा घेतलेला. पहिली ओळ तो श्वास नीट चालला. दुसरीच्या मध्यावर तो तुटला, आणि सावरायच्या आत पुढचं कडवं लागून गेलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी फोन उचलला.

"ऐकलंस?" घुम्याने विचारलं.

"ऐकलं," सेक्रेटरी म्हणाला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दोघांनाही त्याची सवय होती.

"पुरत नाही रे आता," घुम्या म्हणाला. "जरा हळू घ्याल का?"

"घेतो. या रविवारीच घेतो."

"बरं."

फोन बंद झाला. सेक्रेटरीने तो खिशात ठेवला, खाली वाकून छडी उचलली आणि तक्त्याकडे वळला. तक्त्यावर अक्षरं होती की नव्हती, त्याला सांगता आलं नसतं.

"वाचू का?" खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"वाचा."

बाईंनी ओळ वाचली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकूण एक चूक.

"बरोबर," सेक्रेटरी म्हणाला.

बाईंनी झाकलेला डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता तो पुन्हा झाकला, आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचायला लागल्या, जरा हळू.